अरिस्तानची मोजणी

फाटकाच्या कडीवर हात ठेवला आणि कामशात तशीच उभी राहिली. आत अंगणात, उंबऱ्यासमोर कुत्रा आडवा झाला होता. पंजे एकावर एक, त्यावर ते घमेल्याएवढं डोकं, डोळे अर्धवट मिटलेले. यात खरं तर थांबण्यासारखं काहीच नव्हतं, कुत्री झोपतात. पण हा असा झोपत नसे. घरातलं शेवटचं माणूस आत येईपर्यंत हा पाठ टेकत नाही, हे सासरे गेले सहा महिने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत आले होते. पाहुण्यांना, मीटर बघायला येणाऱ्याला, दूधवालीलासुद्धा. 'तो कळप मोजतो. एक मेंढी बाहेर असली तरी उभा राहील, पाऊस असो, गारा असोत.' तिच्या नवऱ्याला, सेरजानला, टायरांच्या दुकानातून यायला उशीर झाला की कुत्रा फाटकाशी उभा. लेक तोमिरिस नाचाच्या वर्गाला गेली की उभा. आणि आत्ता खिडकीत दिवा होता, तोमिरिसची सायकल भिंतीला टेकलेली होती, सेरजानची गाडी दारात होती, आतून सासऱ्यांचा खोकला ऐकू येत होता. तिघं आत. मोजणी पुरी झाली होती. चौथी फाटकाबाहेर बटाट्यांची पिशवी घेऊन उभी होती, आणि कुत्रा झोपला होता.

एरवी ती पाचलाच घरी असायची, सगळ्यांच्या आधी, म्हणून हे कधी दिसलं नसेल. या आठवड्यात दवाखान्यातली पाळी बदलली होती. तिने कडी काढली. कुत्र्याने एक डोळा उघडला, तिच्याकडे बघितलं, पुन्हा मिटला. ती त्याला वळसा घालून आत गेली, चपला काढल्या, बटाटे ओट्यावर ठेवले. हातावर पिशवीच्या बंदाचा लाल वळ उठला होता, तो चोळत राहिली. कुत्र्याच्या मनात आपण नाही याचं एवढं काय, असं तिने स्वतःलाच विचारलं. बेचाळीस वर्षांच्या बाईला कुत्र्यावरून रडू येणं म्हणजे कमाल होती. तिने नळ सोडला आणि बटाटे धुवायला घेतले.

"उशीर झाला," सेरजान म्हणाला. तो टेबलाशी बसून मोबाइल बघत होता. नखांत टायरांचा काळा रंग.

"हं."

"कोजाबेकचा फोन आला होता. शनिवारी सकाळी मेंढ्या घेऊन बाजारात येतोय. जाताना कुत्रा परत डोंगरात न्यायचा का, विचारत होता."

"मग काय सांगितलंस?"

"तुला विचारून सांगतो म्हटलं. बाबांना विचारलं तर ते म्हणतात सुनेला विचार. घरचं सगळं बघतेस तूच ना. तुला जमत असेल तर ठेवू, नसेल तर देऊन टाकू. रौशानला मात्र रविवारपर्यंत काहीतरी सांगायला पाहिजे, नाहीतर ती चौकीत जाईल."

तुला जमत असेल तर. हे वाक्य तिच्या चांगलंच ओळखीचं होतं. सोळा वर्षांत ते किती वेळा या घरात आलं आणि प्रत्येक वेळी मऊ कापड गुंडाळूनच आलं. सासूबाईंना शेवटचं वर्ष इथे ठेवायचं का, तुला जमत असेल तर. तोमिरिसच्या वेळी नोकरी चालू ठेवायची का, तुला जमत असेल तर. मेंढ्या विकल्यावर बाबांना डोंगरातून खाली आणायचं का. आणि बाबा आले तेव्हा ट्रकच्या मागच्या बाजूला हा बसलेला, वासराएवढा तोबेत, मेंढ्या राखणाऱ्या जातीचा, कान तळाशी कापलेले, अंगाला लांडग्यांचा आणि शेणाच्या धुराचा वास. त्याच्याविषयी कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. तो बाबांच्या सामानात आला होता. जमत नाही असं ती एकदाही म्हणाली नाही आणि म्हणून सगळ्यांचा समज झाला की तिला जमतं. कधीकधी तर तिचाही होई.

रौशान शेजारीण. गेल्या आठवड्यात तिच्या मुलीचा वाढदिवस होता, आठ-दहा पोरं गल्लीत धावत होती, त्यातली सहा चेंडूमागे यांच्या अंगणात शिरली. कुत्रा उठला. भुंकला नाही, दात दाखवले नाहीत. नुसता डावीकडून गेला, उजवीकडून आला, एकाला खांद्याने ढकललं, दुसऱ्याची वाट अडवली, आणि दोन मिनिटांत सहाच्या सहा पोरं सफरचंदाच्या झाडाखाली कोपऱ्यात गोळा झाली. मग तो त्यांच्यासमोर उभा राहिला. एखादं पोर हललं की तोही हलायचा. बाबा घरात दुपारची झोप काढत होते. पोरं तासभर तिथे उभी होती; एकाने चड्डीत केलं. रौशान आली तेव्हा कुत्र्याने तिलाही त्यांच्यात नेऊन उभं केलं. कामशात कामावरून आली आणि तिला दिसलं ते हे: सणाच्या कपड्यातली मुलं, मध्ये रौशान, हातात केक कापायची सुरी, आणि समोर कुत्रा, काम चोख झाल्याचं समाधान तोंडावर. ती 'ए, ए' करत राहिली. 'हट' म्हणाली. त्याने तिच्याकडे बघितलंही नाही. शेवटी तोमिरिस आली, नाव घेऊन हाक मारली, आणि तो मुकाट्याने बाजूला झाला. रौशानला हसू येण्याचं काही कारण नव्हतंच, पण कामशातला त्या क्षणी हसू आलं होतं, आणि ते रौशानने पाहिलं होतं.

शुक्रवारी दवाखान्यात आपल्या खिडकीच्या मागे बसून तिने तो कागद पुन्हा काढला. कुत्र्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेला, छापील. 'हा कुत्रा तुमच्या कुटुंबाला योग्य आहे का?' खाली प्रश्न. अंगण किती मोठं, कुंपण किती उंच, घरात दहा वर्षांखालील मुलं आहेत का, आधी असा कुत्रा पाळला आहे का. ती कागद तिरका धरून भरत होती आणि मध्येमध्ये नावं पुकारत होती. तिचं कामच ते. दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीतून दिवसाला दोनशे नावं, बापाच्या नावासकट, मोठ्याने, कारण म्हाताऱ्यांना ऐकू येत नाही. तेरा नंबरच्या खोलीत जा, सात नंबरला जा. संध्याकाळपर्यंत आवाज फाटायचा. कुटुंबात एकूण किती जण? तिने चार लिहिलं, थांबली. आदल्या संध्याकाळची आठवण झाली. चार तसंच राहू दिलं. कुत्र्यासाठी रोज किती वेळ देऊ शकाल? इथे तिने काहीच लिहिलं नाही. घरात कुत्रा कुणाकुणाची हाक ऐकतो? सासरे, पती, मुलगी. मग पेन तसंच हातात राहिलं आणि बाहेरची एक म्हातारी काच वाजवू लागली.

डॉक्टरीणबाई बोलायला सरळ होत्या. म्हणाल्या होत्या, "हे जनावर तुमच्या घरात शोभेल का, मला माहीत नाही. याला काम लागतं. काम नसलं की तो काम शोधून काढतो, आणि ते तुम्हाला आवडेलच असं नाही." कामशातला तेव्हा वाटलं होतं की यात कुत्र्याविषयी विशेष काही नाही, हे बाबांविषयीही असंच म्हणता येईल. डोंगरातून खाली आल्यापासून त्यांनी कुंपण दोनदा बांधलं होतं, गरज नसताना. सफरचंदं उतरवली, कच्ची. तोमिरिसला शाळेत सोडायला जात आणि सुटेपर्यंत समोरच्या बाकावर बसून राहत. कुत्रा देऊन टाकला तर बाबा राहतील का, हा प्रश्न कागदावर नव्हता. सेरजाननेही तो विचारला नव्हता. पण शुक्रवारी ती घरी आली तेव्हा दोरीवर बाबांचा मेंढीच्या कातड्याचा कोट वाळत घातलेला होता, हिवाळ्याचा, जो शहरात आल्यापासून पेटीतून निघालाच नव्हता.

"थंडी येतेय ना," ते म्हणाले. पायरीवर बसून ते चाकूला धार लावत होते. कुत्रा त्यांच्या पायाशी.

तिने मान डोलावली. या अंगणात कातड्याचा कोट लागावा एवढी थंडी अजून दोन महिने तरी येणार नव्हती. तो कोट कुठे लागतो, हे दोघांनाही माहीत होतं. ती आत जाणार होती. स्वयंपाक व्हायचा होता, तोमिरिसचा गणवेश धुवायचा होता. पण पाय जड झाले होते आणि ती पायरीच्या दुसऱ्या टोकाला टेकली. पायरी गार होती. कोळशाचा धूर गल्लीत उतरायला लागला होता.

"बाबा, हा मला का मोजत नाही?"

त्यांनी चाकू थांबवला. ते उत्तर द्यायला नेहमीच वेळ घेत, मेंढ्यांच्या मागे चालणाऱ्यांना घाई नसते. "तुझ्या लक्षात आलं तर."

"काल आलं."

"माझ्या केव्हाच आलं होतं." ते कुत्र्याच्या कापलेल्या कानामागे खाजवत राहिले. "पिल्लू घरात आलं की आमच्यात एक पद्धत असते. घरातल्या एकेकाने भांडं हातात घ्यायचं, त्याचं नाव घेऊन बोलवायचं, हातातून भरवायचं. ज्याच्या तोंडून नाव ऐकलं तो घरचा. बाकीचे पाहुणे. पाहुण्याला तो चावत नाही. पण त्याची वाट बघत बसत नाही."

तिला तो दिवस आठवला. कुरणावरचा तंबू, सासूबाई अजून हिंडत्या-फिरत्या, आणि कोजाबेकने आणलेलं पिल्लू, पायांपेक्षा पंजे मोठे. त्याने चाकूच्या बदल्यात दिलं होतं. असं पिल्लू विकत घेत नाहीत. नाव मात्र त्याने आधीच ठेवून टाकलेलं, अरिस्तान. सगळे हसले होते. कारण सेरजानच्या थोरल्या भावाचं नाव अरिस्तान, तिकडे कारागांदाला खाणीत साहेब. ठेवलेलं नाव बदलायचं नसतं, म्हणून बदललं नाही, आणि थोरल्याने रागावून वर्षभर फोन केला नाही. सगळ्यांना गंमत वाटली. तिचं मात्र तोंड बंद झालं. सुनेने सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घ्यायचं नाही, हे तिला सासूबाईंनी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी चुलीपाशी सांगितलं होतं. 'ओठावर आलं तरी गिळ. मी चाळीस वर्षं गिळलंय.' कामशात शहरात शिकलेली, तिला ते ऐकून हसू आलं होतं, पण गिळायची सवय तिला लवकरच लागली. अरिस्तान म्हणजे सिंह. तर सिंहाचंही नाव बंद. प्राणिसंग्रहालयात तोमिरिसला ती म्हणाली होती, 'तो बघ आयाळवाला.' गोष्टीच्या पुस्तकात जंगलाचा राजा नेहमी 'मोठे सरकार' असायचा. शाळेत पोरीने तेच सांगितलं आणि बाई हसल्या. त्या दिवशी कुरणावर तिच्या हातात भांडं दिलं गेलं तेव्हा सगळे तिच्याकडे बघत होते, सासूबाई तर टक लावून. तिने भांडं न बोलता खाली ठेवलं. पिल्लू आलं नाही. ती चार पावलं लांब गेल्यावर आलं, खाल्लं. सासूबाईंनी संध्याकाळी तिच्या डोक्यावरून हात फिरवला होता. सोळा वर्षांत दोनदा फिरवला, त्यातली ही एक वेळ.

म्हणजे इतकं साधं होतं. आदर राखला म्हणून ती पाहुणी झाली होती. तिला कुणाचा राग यावा हे कळेना. बाबांचा यावा तर ते कोट वाळवत बसले होते. सासूबाईंचा यावा तर त्या टेकडीवर मातीखाली, गवतात. रात्री अंथरुणात पडून तिने ठरवलं. जाऊ दे कुत्रा. बाबाही जातील, 'चार दिवस बघून येतो' म्हणत जातील, आणि सगळे म्हणतील बरं झालं, त्यांना तिकडेच बरं वाटतं. ती कामावरून येईल, घरात कुणी नसेल, ती पाय पसरून दहा मिनिटं बसेल. कुणाला काही वाढायचं नसेल. ती त्या दहा मिनिटांचा विचार करत झोपली.

शनिवारी आठला कोजाबेकचा ट्रक अंगणात आला. कुत्र्याने ट्रक ओळखला, शेपटाचा बुडखा हलवला. कोजाबेक पन्नाशीचा, उन्हाने तोंड सोललेलं, खाली उतरला तो बोलतच. "काय रे, शहरी झालास? पोट सुटलं की तुझं. बूट पण घेतले असतील." मग तिच्याकडे वळून, "काय ठरलं, सूनबाई? लवकर सांगा, मेंढ्या विकायच्या आहेत, त्या काही गप्पा मारायला थांबत नाहीत."

बाबा पायरीवर होते. कोट अंगात. पायाशी एक गाठोडं, नीट बांधलेलं. ते गाठोडं बघून कामशातला हायसं वाटलं. खरंच वाटलं, छातीवरचं ओझं उतरल्यासारखं, आणि मग त्या वाटण्याचीच तिला इतकी भीती वाटली की तिने फाटकाची कडी धरली. हा माणूस सुनेने नको म्हणण्याआधीच तयार होऊन बसला होता. तोही कुणाला जमत नाही म्हणाला नव्हता.

"राहू दे," ती म्हणाली.

सेरजानने मान वर केली. कोजाबेकने डोकं खाजवलं. "राहू दे म्हणता, बरं. पण सेरजान दिवसभर टायरांत, या काकांचे गुडघे असे. परत शेजारची पोरं कोंडली तर सोडवणार कोण? तुम्हीच ना? त्याने तुमचं ऐकायला पाहिजे. असं करू, मी त्याला ट्रकपाशी उभा करतो. तुम्ही हाक मारा. वळून बघितलंन तर ठेवा, नाहीतर मी आपला घेऊन जातो. उगाच कुणाच्या पोराला लागलं तर कुत्र्याला गोळी घालतील."

"आई नाव घेत नाही," तोमिरिस म्हणाली. "मोठ्या काकांचं आहे ना."

कोजाबेकचं हसू अर्ध्यावर थांबलं. ट्रकमध्ये मेंढ्या एकमेकींवर रेलत होत्या. मग बाबा गुडघ्यावर हात देऊन उठले.

"सेरजान, चल. कोपऱ्यावर पाव मिळतो का बघू."

"पाव आहे घरात, बाबा. कालच आणला."

"शिळा झाला असेल. चल म्हणतो ना." आणि कोट सावरत ते फाटकाबाहेर पडले, तिच्याकडे न बघता, नेहमीपेक्षा भरभर. सेरजान मागे गेला. ती त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. ते ऐकायला नको म्हणून निघाले होते, हे लहान मुलालाही कळलं असतं.

कोजाबेकने दोर हातात ठेवून कुत्र्याला ट्रकपाशी उभं केलं. तिने तोंड उघडलं. दिवसाला दोनशे नावं पुकारणारा आवाज, आणि घशातून नुसती हवा आली. पुन्हा. "अरिस्तान." कसंतरीच झालं, चोरून काहीतरी खाल्ल्यासारखं. मग जरा मोठ्याने, "अरिस्तान, ये." कुत्र्याने मान वळवली. तिच्याकडे बघितलं, बराच वेळ, जणू हा आवाज कुठून आला याची त्याला शहानिशा करायची होती. एक पाऊल तिच्या बाजूला टाकलं. मग वळला आणि सरळ फाटकातून बाहेर निघून गेला.

"झालं," कोजाबेक म्हणाला.

मिनिटभर गेलं असेल. फाटकातून बाबा आत आले, तिरके, तोल सांभाळत, कारण कुत्रा त्यांच्या गुडघ्यामागे खांदा लावून त्यांना ढकलत होता. मागे सेरजान, तोही ढकलला गेलेला. पाव कुणाच्याच हातात नव्हता. दोघांना आत घालून कुत्रा फाटकात आडवा उभा राहिला.

कोजाबेकने दोर गुंडाळायला घेतला. "हा नको मला. तिकडे नेला तर रोज फाटक नसलेल्या जागी उभा राहून तुमचीच वाट बघेल, माझ्या मेंढ्या लांडगे नेतील. रौशान की कोण ती, तिला सांगा, फाटकाला कुलूप लावतोय म्हणून. आणि तुम्ही, सूनबाई, रोज हाक मारा. ऐकलंन त्याने. आधी बाहेरचे दोघं आणले, एवढंच."

बाबा पायरीपर्यंत आले. श्वास लागला होता. "ऐकू आलं," ते म्हणाले. "गल्लीच्या टोकापर्यंत आलं. नाव घ्यायचंच तर जरा मोकळ्या आवाजात घ्यायचं, बाळा. कुत्रं आहे ते. तुझा दीर नाही."

तिला वाटलं आपण हसतोय. पण हसू नव्हतं ते. जे बोलायचं तिने कधी योजलं नव्हतं ते तोंडातून निघालं, साध्या आवाजात, खिडकीतून सात नंबरला जा म्हणावं तसं.

"बाबा, मी थकलेय."

सेरजानने तिच्याकडे बघितलं. तोमिरिसने बघितलं. म्हाताऱ्याने पायरीजवळचं गाठोडं पायाने बाजूला सरकवलं.

"मग बस," ते म्हणाले.

ती पायरीवर बसली. कोजाबेकला चहा द्यायला हवा होता, घरात आलेल्या माणसाला चहा न देता जाऊ देत नाहीत, आणि चहा सुनेनेच ओतायचा असतो. ती उठली नाही. बाबांनी कोट काढला, कठड्यावर टाकला आणि आत गेले. किटली घासल्याचा, झाकण पडल्याचा आवाज आला, मग कपाटांची दारं एकामागून एक उघडत गेली. सत्त्याहत्तर वर्षांत त्यांनी स्वतः चहा केला नसावा.

"चहाची पत्ती कुठे असते?" आतून आवाज आला.

"वरच्या फळीवर," कामशात बसल्या जागेवरून म्हणाली. "डावीकडे."